किल्ल्यांचा जुडगा कुणाच्या कमरेला?

स्वारगेटच्या चौकातून रोज ये-जा करणारा पुणेकर शंकरशेठ रस्त्यावरील पीएमपीएमएलच्या मुख्यालयाकडे मान वळवून पाहतोच असे नाही. पण त्या इमारतीला एक इतिहास आहे. पुण्याची 'पीएमटी' आणि पिंपरी-चिंचवडची 'पीसीएमटी' अशा दोन स्वतंत्र परिवहन सेवा होत्या. दोघींची आगारे वेगळी, कर्मचारी वेगळे, हिशेब वेगळे. 2007 साली त्या एकत्र आल्या आणि दोन्ही शहरांच्या बसगाड्यांचा कारभार एका व्यवस्थापनाखाली गेला. या एकत्रीकरणाने सारे प्रश्न सुटले असे कोणीच म्हणणार नाही. थांब्यावर तासभर ताटकळणारा प्रवासी तर मुळीच म्हणणार नाही. पण एक गोष्ट कोणाच्या मनातही आली नाही. दोन संस्था एकत्र आल्या, तर त्यांच्या गाड्यांची नोंद एकाच वहीत करण्यासाठी गाडी बनविणाऱ्या कारखानदाराची परवानगी घ्यावी लागेल, असे कोणाला वाटले नाही.

आता क्षणभर कल्पना करावी. कारखानदाराचा प्रतिनिधी स्वारगेटला येऊन म्हणतो, "गाड्या तुमच्या, चालक तुमचे, डिझेल तुमचे. पण नोंदवही आमची. या वहीत फक्त तीन गाड्या लिहायच्या. तुमच्याकडे अशा दोन वह्या असतील, तर दोन कारकून ठेवा. दोन्ही वह्या शिवून एक करायची नाही. सहा गाड्या एकाच वहीत हव्या असतील, तर दोन्ही रद्दीत टाका आणि आमची मोठी वही विकत घ्या." असे बोलणाऱ्याला स्वारगेटच्या रिक्षाथांब्यावरच्या मंडळींनीही वेड्यात काढले असते. मात्र हीच अट संगणकाच्या क्षेत्रात सुशिक्षित समाजाने वर्षानुवर्षे निमूटपणे मान्य केली, त्यावर सह्या केल्या आणि तिला 'आधुनिकीकरण' असे गोंडस नाव दिले.

एका वाड्यात अनेक बिऱ्हाडे

विषय तांत्रिक आहे, पण समजण्यास अवघड नाही. बँक, रुग्णालय, महाविद्यालय, पतसंस्था अशा प्रत्येक ठिकाणी आज सर्व्हर नावाचे मोठे संगणक असतात. पूर्वी एका कामाला एक यंत्र लागे. हिशेबाचे वेगळे, टपालाचे वेगळे, हजेरीचे वेगळे. यातील बहुतेक यंत्रे दिवसाचा बराच काळ रिकामीच बसत आणि वीज मात्र खात. यावर तोडगा निघाला तो 'व्हर्च्युअलायझेशन'चा, म्हणजे आभासीकरणाचा. जुन्या पुण्यातील वाड्यात जशी अनेक बिऱ्हाडे नांदत, तशी एकाच भक्कम यंत्रात अनेक आभासी यंत्रे नांदू लागली. प्रत्येकाची चूल वेगळी, पण छप्पर एक.

अमेरिकेत 1998 साली स्थापन झालेल्या 'व्हीएमवेअर' या कंपनीने हे तंत्र सामान्य सर्व्हरवर यशस्वी करून दाखविले. तिच्या संशोधकांचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. चांगल्या कामाला चांगले म्हणणे ही भारतीय परंपराच आहे. असे अनेक वाडे एका जागेवरून सांभाळणारे, म्हणजे एखादे यंत्र बंद पडले तर त्यातील बिऱ्हाडे दुसऱ्या यंत्रावर हलविण्याची व्यवस्था लावणारे जे सॉफ्टवेअर, त्याला ही कंपनी 'व्हीसेंटर' म्हणते. वाड्याच्या किल्ल्यांचा जुडगा तो हाच.

दोन पेट्या, पण बेरीज नाही

लहान संस्थांसाठी या कंपनीने 'इसेन्शियल्स' नावाची स्वस्त पेटी काढली होती. तीन सर्व्हर, प्रत्येकी दोन प्रोसेसर आणि त्यांना सांभाळणारा एक छोटा व्हीसेंटर असा तो संच. मध्यम आकाराच्या संस्थेला तो परवडे. संस्था वाढली की मात्र खरी गंमत सुरू होई. चौथा सर्व्हर घेतला तर तो या पेटीत बसत नसे. दुसरी तशीच पेटी घेतली तरी तीन अधिक तीन म्हणजे सहा, हे शाळेतील गणित येथे चालत नसे. दोन पेट्या म्हणजे दोन स्वतंत्र संसार. दोन्ही एका व्हीसेंटरखाली आणण्यास परवान्याची मनाई. एकाच जातीच्या परवान्यांच्या चाव्या जोडण्याची सोय कंपनीने ठेवली होती. पण लहान पेटी आणि मोठा परवाना यांची बेरीज होत नसे. एकत्र नांदायचे असेल, तर लहान पेटी सोडून मोठ्या परवान्यावर चढायचे, हा एकच मार्ग.

ही अडचण कोणत्या तांत्रिक मर्यादेतून आलेली नव्हती, हे येथे नीट ध्यानी घेतले पाहिजे. मोठा परवाना घेणाऱ्यासाठी तेच सॉफ्टवेअर शेकडो सर्व्हर एकत्र सांभाळत असे. भिंत यंत्रात नव्हती. ती करारपत्रात बांधलेली होती. ग्राहकाने वाढावे, पण वाढण्याची किंमत विक्रेत्याने ठरवावी, असा तो डाव होता.

महाराष्ट्रात ही गोष्ट केवळ काल्पनिक नाही. सहकाराच्या या भूमीत संस्थांचे विलीनीकरण आता नित्याचे झाले आहे. 4 ऑगस्ट 2025 पासून न्यू इंडिया सहकारी बँक सारस्वत बँकेत विलीन झाली, हे ताजे आणि मोठे उदाहरण. अशा मोठ्या बँकांकडे तज्ज्ञांची फौज असते आणि त्यांच्या व्यवस्थेशी येथे कर्तव्य नाही. पण तालुक्याच्या गावातील दोन पतसंस्था, एका शिक्षण मंडळाची दोन महाविद्यालये, एका विश्वस्त निधीची दोन रुग्णालये एकत्र येऊ पाहतात, तेव्हा काय होते? धर्मादाय आयुक्त वा सहकार निबंधक यांची संमती मिळते, सभासदांचा ठराव होतो, पेढे वाटले जातात. आणि मग संगणक कक्षातील तरुण दबक्या आवाजात सांगतो, "साहेब, आपले दोन्हीकडचे परवाने एकत्र होत नाहीत."

2023 चा धडा

ज्यांना हे सारे किरकोळ वाटत होते, त्यांचे डोळे 2023 च्या अखेरीस उघडले. व्हीएमवेअरची मालकी यापूर्वीच हातोहात फिरली होती. 2004 मध्ये ती ईएमसीकडे गेली, 2016 मध्ये डेलकडे, 2021 मध्ये स्वतंत्र झाली. नोव्हेंबर 2023 मध्ये ब्रॉडकॉम या कंपनीने तिची खरेदी पूर्ण केली. डिसेंबर उजाडताच घोषणा झाली की, यापुढे कायमस्वरूपी परवाना विकला जाणार नाही; जे हवे ते वर्षाच्या भाड्याने घ्या. सुटी सुटी मिळणारी अनेक उत्पादने काही मोजक्या गाठोड्यांत बांधली गेली. लहान संस्थांचा आधार असलेली इसेन्शियल्स पेटी प्रथम भाड्याची झाली आणि नोव्हेंबर 2024 मध्ये तिच्या 'प्लस' या अवताराचीही विक्री थांबली. ग्राहकांचे परवाने एकत्र होत नव्हते. कंपनीने आपली उत्पादने मात्र हवी तशी एकत्र केली! एकत्रीकरणाचा अधिकार कोणाचा, याचे याहून बोलके उत्तर कोणते असेल?

भाड्याचे गणितही पाहण्यासारखे आहे. परवाना प्रोसेसरमधील 'कोअर'च्या संख्येवर मोजला जातो, आणि एका प्रोसेसरमागे किमान 16 कोअर धरले जातात. एखाद्या संस्थेकडे तीन सर्व्हर, प्रत्येकात दोन प्रोसेसर आणि प्रत्येक प्रोसेसरात आठ कोअर असतील, तर प्रत्यक्षात कोअर भरतात 48. भाडे मात्र 96 कोअरचे. दूध अर्धा लिटर घेतले तरी पैसे एका लिटरचे देण्याचा हा व्यवहार आहे.

ज्यांनी पूर्वी कायमस्वरूपी परवाने घेतले होते, त्यांच्या हाती कागद उरला. पण दुरुस्त्या आणि साहाय्य यांचे करार संपताच नव्या भाडेपट्ट्याशिवाय पुढचा मार्ग राहिला नाही. तिजोरी तुमची, पण तिच्या कुलपात वाळवी लागली तर किल्लीवाला येणार नाही, असा हा प्रकार.

जगातील बलाढ्य संस्थांनाही हे जाचले. अमेरिकेतील एटी अँड टी या दूरसंचार कंपनीने 2024 मध्ये न्यायालय गाठले आणि पुढे तडजोड झाली. नेदरलँड्समध्ये रस्ते आणि जलमार्ग सांभाळणारी रेइक्सवाटरस्टाट ही सरकारी यंत्रणा 2025 मध्ये हेगच्या न्यायालयात गेली. ती दुसऱ्या प्रणालीकडे वळेपर्यंत साहाय्य चालू ठेवावे, असा आदेश तिने मिळविला. समुद्राला बांध घालणाऱ्या देशाला आपल्या संगणकांना बांध घालण्यासाठी न्यायालयाची पायरी चढावी लागली! मग सांगली वा सोलापूरच्या पतसंस्थेने कोणत्या दारात उभे राहावे?

'हा तर बाजाराचा नियम'

या टीकेला एक ठरलेले उत्तर मिळते. विक्रेत्याला आपल्या मालाची किंमत ठरविण्याचा हक्क आहे. करार वाचूनच सही झाली होती. परवडत नसेल त्याने घेऊ नये. युक्तिवाद वरकरणी बिनतोड आहे. पण तो भाजी मंडईत लागू पडतो, येथे नाही. गुलटेकडीच्या मार्केट यार्डात एका गाळ्यावर भाव चढा वाटला, तर गिऱ्हाईक शेजारच्या गाळ्यावर जाते. त्याची पिशवी त्याच्याच हातात असते. सर्व्हरच्या व्यवहारात पिशवीच विक्रेत्याच्या हाती गेलेली असते. दहा वर्षांची माहिती, कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण, साठवणुकीची आणि सुरक्षेची सारी मांडणी त्या एका सॉफ्टवेअरभोवती गुंफलेली असते. तेथून बाहेर पडायला महिने लागतात आणि नूतनीकरणाची मुदत तर दाराशी येऊन ठेपलेली असते. अशा वेळी दिलेल्या संमतीला बाजाराची संमती म्हणणे ही भाषेची विटंबना होय.

प्रश्न केवळ पैशाचाही नाही. जुलै 2025 मध्ये गुजरातमधील वाडीनारचा तेलशुद्धीकरण कारखाना चालविणाऱ्या नायरा एनर्जीच्या संगणकीय सेवा मायक्रोसॉफ्टने अचानक थांबविल्या. या कंपनीत रशियाच्या रोझनेफ्टची मोठी भागीदारी आहे आणि युरोपीय संघाने तिच्यावर निर्बंध घातले होते. भारतीय भूमीवरील, भारतीय कायद्याने चालणारा उद्योग. त्याचे ई-टपाल बंद झाले ते परदेशातील निर्बंधामुळे. कंपनीने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली आणि काही दिवसांत सेवा पूर्ववत झाल्या. सेवा सुरू झाल्या म्हणून धडा विसरायचा काय? किल्ली दुसऱ्याच्या कमरेला असली की दार कधी बंद होईल, हे घरमालकाला कळत नाही.

स्वदेशीची खरी कसोटी

पुण्याला हा विषय नवा नाही. ऑक्टोबर 1905 मध्ये तरुण सावरकरांच्या पुढाकाराने याच शहरात परदेशी कापडाची होळी पेटली. लोकमान्यांनी स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार आणि राष्ट्रीय शिक्षण ही चतुःसूत्री राष्ट्रापुढे ठेवली. पण सॉफ्टवेअर म्हणजे कापड नव्हे. त्याची होळी करता येत नाही, आणि केली तर आपल्याच खातेदारांची पासबुके जळतील. येथे स्वदेशीचा अर्थ अधिक खोलात जाऊन लावला पाहिजे.

तो अर्थ पुण्यानेच एकदा कृतीने सांगितला होता. 1980 च्या दशकात अमेरिकेने क्रे कंपनीचा अतिवेगवान महासंगणक भारताला हव्या त्या क्षमतेचा देण्याचे नाकारले. रडत बसण्याऐवजी 1988 मध्ये पुण्यात 'सी-डॅक' उभी राहिली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली 1991 मध्ये 'परम 8000' साकार झाला. त्यातील ट्रान्सप्युटर या चिपा ब्रिटनमधील इन्मॉस कंपनीच्या होत्या, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. म्हणून परम परदेशी ठरतो काय? मुळीच नाही. रचना येथील, बुद्धी येथील, जोडण्याचा आणि वाढविण्याचा अधिकार येथील. सुटे भाग कोठले यावरून स्वदेशी ठरत नाही. एकत्र करण्याचा हक्क कोणाचा यावरून ठरते.

याच कसोटीवर आभासीकरणाकडे पाहावे. 'केव्हीएम' हे तंत्र इस्रायलमधील एका छोट्या कंपनीत जन्मले आणि 2007 साली लिनक्सच्या गाभ्यात सामील झाले. त्यावर उभी असलेली 'प्रॉक्समॉक्स' ही व्यवस्थापन प्रणाली व्हिएन्नाची. दोन्हींचा जन्म परदेशातला. पण त्यांचा मूळ आराखडा सर्वांना खुला आहे. तो वाचता येतो, बदलता येतो, वाटता येतो. तीन सर्व्हर जोडा की तेरा जोडा, परवाना आड येत नाही. दोन संस्थांच्या यंत्रणा एकत्र करायच्या असतील, तर लागतात त्या श्रम आणि कौशल्य, संमती नव्हे. एखाद्या कंपनीकडून साहाय्य विकत घ्यावे वा न घ्यावे, हा निर्णय संस्थेचा.

कोणी म्हणेल, मुक्त प्रणाली तरी कायम मुक्त राहतील कशावरून? शंका रास्त आहे. डिसेंबर 2020 मध्ये रेड हॅटने लक्षावधी सर्व्हरवर चालणाऱ्या 'सेंटओएस'चे प्रचलित रूप बंद करण्याचा निर्णय जाहीर केला आणि जगभर संताप उसळला. पण पुढे काय झाले? मूळ आराखडा खुला असल्याने 2021 मध्येच 'अल्मालिनक्स' आणि 'रॉकी लिनक्स' असे दोन पर्याय उभे राहिले. एक दार बंद झाले, तेव्हा लोकांनी त्याच विटांनी दुसरे घर बांधले. बंदिस्त सॉफ्टवेअरच्या ग्राहकाला अशी एक वीटही हाती लागत नाही. दोन्ही मार्गांतील खरा भेद तो हा.

फुकट नव्हे, मुक्त

येथे एका गैरसमजाचा समाचार घेतला पाहिजे. मुक्त म्हणजे फुकट, ही समजूत आळशी संस्थाचालकांनी करून घेतली आहे. परवान्याचे पैसे वाचतात; माणसाचे वाचत नाहीत, आणि वाचूही नयेत. चाललेली यंत्रणा हलवायची तर आधी चाचणी हवी, राखीव प्रती परत उभ्या राहतात की नाही याची तपासणी हवी, रात्री दोन वाजता उठून येणारा जाणकार हवा. त्या जाणकाराला सन्मानाचे वेतन हवे. जो पैसा दरवर्षी परदेशी भाड्यापोटी जातो, तो पुण्यातील, नाशिकमधील, कोल्हापुरातील अभियंत्याच्या घरात गेला, तर त्याला खर्च म्हणावे की गुंतवणूक?

माणसांची तर वाण नाहीच. ज्या व्हीएमवेअरची ही कथा, तिचे अभियांत्रिकी केंद्र पुण्यातही होते. रेड हॅटच्या पुण्यातील कचेरीत वर्षानुवर्षे लिनक्सवर काम झाले आहे आणि मराठीसह भारतीय लिप्यांचे 'लोहित' टंक तिच्याच पुढाकाराने मुक्तपणे उपलब्ध झाले. सिंबायोसिसच्या संगणक संस्थेत मुक्त सॉफ्टवेअरच्या चाहत्यांचा 'ग्नूनिफाय' मेळावा वर्षानुवर्षे भरत आला. परक्याच्या वाड्याचे कुलूप बनविणारे हात पुण्याचे. आपल्या वाड्याला कुलूप लावायचे म्हटले की मात्र ते परदेशातून भाड्याने! यासारखा दैवदुर्विलास दुसरा नाही.

सरकारचे धोरणही कागदावर स्पष्ट आहे. मुक्त सॉफ्टवेअरच्या स्वीकाराचे धोरण केंद्र सरकारने 2015 मध्येच जाहीर केले. निविदा काढताना मुक्त पर्यायाचा विचार व्हावा, आणि तो वगळायचा तर कारण द्यावे, अशी त्याची दिशा आहे. केरळच्या सरकारी शाळांनी तर त्याच्या कितीतरी आधी ही वाट धरली. त्या राज्यातील राज्यकर्त्यांच्या विचारांशी कितीही मतभेद असले, तरी तेथील शिक्षकांनी हे करून दाखविले, हे मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे. चांगली गोष्ट प्रतिपक्षाकडूनही घ्यावी, यात कमीपणा कसला?

आरशात पाहण्याची वेळ

आता सर्वांत अवघड प्रश्न. स्वदेशीचा उच्चार करणाऱ्या किती संस्था स्वतःच्या संगणक कक्षात डोकावून पाहतात? व्यासपीठावर स्वावलंबनाची शपथ आणि मागच्या खोलीत चोरीची प्रत, हे चित्र दुर्मीळ आहे काय? परक्याचा माल न घेणे हे स्वदेशी. परक्याचा माल चोरून वापरणे ही चोरीच. चोरीच्या प्रतीवर चालणारी संस्था भाडेकरूपेक्षाही अधिक गुलाम असते; कारण तिला दुरुस्ती मागण्याचे तोंड नसते आणि तपासणीच्या भीतीने मान वर करता येत नाही.

म्हणून काम घोषणेपासून नव्हे, यादीपासून सुरू व्हावे. प्रत्येक संस्थेने आपल्याकडे कोणते सर्व्हर आहेत, कोणते परवाने आहेत, कोणाची मुदत केव्हा संपते, हे एका कागदावर लिहावे. नवा करार करताना विश्वस्तांनी तीन प्रश्न विचारावेत. उद्या दोन शाखा एकत्र आल्या, तर हे परवाने एकत्र होतील काय? कंपनीची मालकी बदलली, तर अटी बदलतील काय? आणि सोडून जायचे ठरविले, तर आपली माहिती आपल्या हाती पूर्ण परत येईल काय? या तिन्हींची उत्तरे लेखी मिळत नसतील, तर सही करणारा हात थांबला पाहिजे. दरम्यान एका जुन्या सर्व्हरवर मुक्त प्रणाली उभी करून, कमी महत्त्वाचे एखादे काम त्यावर वर्षभर चालवून पाहावे. सगळा वाडा एका रात्रीत रिकामा करण्याचे कारण नाही. पण नव्या घराचा पाया आज खणला नाही, तर नूतनीकरणाच्या दिवशी पुन्हा तेच भाडे, तीच लाचारी.

स्वारगेटवरून सातारा, सोलापूर, सिंहगड अशा वाटा फुटतात. कोणती गाडी धरायची ते प्रवासी ठरवितो. गाडी चुकली तर दुसरी येते. पण गाडीत बसल्यावर आपले सामान कंडक्टरच्या तिजोरीत ठेवून किल्ली त्याच्याकडे सोपविणारा प्रवासी कोणी पाहिला आहे काय? संगणकाच्या गाडीत सुशिक्षित समाजाने नेमके तेच केले आहे. ती किल्ली परत मागण्याची वेळ आता आली आहे.